‘टू’ की ‘तू’? ट्रॉम्बोनच्या टंगिंगचं एक प्रकरण

पहिल्या रविवारी माझ्या नव्या विद्यार्थ्याने केस उघडली, ट्रॉम्बोन जोडला, मी म्हटलं बाकी काही नको वाजवू, नुसता बी फ्लॅट हा सूर धर, पहिली पोझिशन, म्हणजे स्लाइड, ती पुढेमागे सरकणारी नळी, पूर्ण आत, हलवायचीच नाही. त्याने श्वास घेतला, खांदे वर गेले, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ‘खट्ट’ असा आवाज होऊन सूर आला, तोही सरळ आला नाही, थोडा खालून सरकत वर आला आणि मग जागेवर बसला. बसल्यावर मात्र छान होता हो. गोल, भरीव, न थरथरणारा. म्हणजे ओठ चांगले, फुप्फुसं चांगली, कान तर उत्तमच. बिघाड जो काय होता तो सगळा पहिल्या पाव सेकंदात.

हे प्रकरण त्या पाव सेकंदाचं आहे, म्हणजे टंगिंगचं, सुराच्या सुरुवातीला जीभ कशी लावायची त्याचं. जून ते ऑक्टोबर असे साधारण पाच महिने त्यावर गेले, आणि मी ते सविस्तर लिहून ठेवतोय कारण या मुलाचं जे अडलं होतं ते आपण इंग्रजी अक्षरं मराठीत कशी वाचतो त्यामुळे अडलं होतं, आणि सुटलं ते आपल्या बाराखडीमुळे. असे अजून कितीतरी जण असणार जे व्हिडिओ बघून शिकतायत आणि स्वतःच्या ओठांना दोष देत बसलेत.

मुलगा १९ वर्षांचा, कोल्हापूर जिल्ह्यातला, पुण्यात इंजिनिअरिंगला. घरी ऊस. त्याचे काका लग्नाच्या बँडपथकात युफोनियम हे पितळी वाद्य वाजवतात, त्यांच्यामुळे वाद्याची ओढ लागली, आणि मेरठच्या जाली कोठीतून, म्हणजे बँडची वाद्यं बनवणाऱ्या वस्तीतून, कुणीतरी आणलेला जुना बी फ्लॅट टेनर ट्रॉम्बोन त्याला काकांच्या ओळखीतून मिळाला. वर्षभर एकट्याने शिकला होता, सगळं मोबाईलवर. बी फ्लॅट स्केल येत होती, सातही पोझिशन माहिती होत्या, तिसरी बेलच्या, म्हणजे पुढच्या भोंग्याच्या, अलीकडे, चौथी बेलच्या जरा पलीकडे वगैरे सगळं पाठ. माझ्याकडे आला तो एकच तक्रार घेऊन, सर माझी जीभ जड आहे, फास्ट चालतच नाही, आणि सुरावरून सुरावर गेलं की घसरल्याचा आवाज येतो.

जीभ जड आहे हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. एकदा त्याला म्हटलं आता जेवढ्या वेगात मला हे सांगितलंस तेवढ्या वेगात जर वाजवलंस तर तुला अजून काय पाहिजे? कोल्हापूरचा मुलगा, बोलायला लागला की थांबत नाही, ती जीभ जड कशी असेल.

आधी वाद्य तपासलं, हे नेहमी आधी करायचं. स्लाइड मध्येच अडकत होती, आतल्या नळ्यांवर काळसर थर. आम्ही ती साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, काठीला गुंडाळलेल्या मऊ कपड्याने आतून पुसली, मग आतल्या नळीच्या टोकाला कोल्ड क्रीमचा अगदी पातळ हात आणि वरून पाण्याचा फवारा. ही जुनी पद्धत, परदेशी स्लाइड क्रीम मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर हे चालतं. स्लाइड पळायला लागली आणि घसरण्याचा आवाज थोडा कमी झाला. पण ‘खट्ट’ तसंच. म्हणजे दोष वाद्यात नव्हता.

आता टंगिंग म्हणजे काय ते एकदा सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सूर जिभेने निघत नाही. सूर निघतो ओठ हवेने थरथरल्यामुळे. जीभ फक्त हवेच्या वाटेत येते आणि बाजूला होते, बाजूला होण्याचा तो क्षण जितका नेमका तितकी सुराची सुरुवात नेमकी. ट्रंपेटवाल्याला एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना जीभ नाही लावली तरी चालतं कारण व्हॉल्व्ह दाबला की नळीची लांबी एकदम बदलते. ट्रॉम्बोनला ती सोय नाही. स्लाइड सरकत जाते तेव्हा मधले सगळे सूर वाजत जातात, म्हणून मग एफ, ई फ्लॅट, डी, सी असे उतरा, पोझिशन १, ३, ४, ६, हे चारही सूर एकाच हार्मोनिकवर आहेत, म्हणजे ओठांचा ताण तसाच ठेवून नुसत्या स्लाइडने मिळतात, जीभ लावली नाही तर चार सुरांऐवजी एक लांबलचक घसरगुंडी ऐकू येते. म्हणजे सलग गोड वाजवायचं असलं तरी ट्रॉम्बोनवाल्याला जीभ लागतेच, फक्त ती इतकी हलकी लागली पाहिजे की ऐकणाऱ्याला कळू नये. बाकी पितळी वाद्यांपेक्षा आपलं हे काम जास्त नाजूक आहे असं माझं ठाम मत आहे.

पहिले तीन आठवडे मी चुकीच्या दिशेने गेलो. मला वाटलं हा जोर जास्त लावतोय. म्हणून सांगत राहिलो, हलकी लाव, अजून हलकी, सैल सोड, ‘तू’ नाही जमत तर ‘दू’ म्हण. तो मान डोलवायचा, घरी जाऊन दोन दोन तास करायचा, आणि पुढच्या रविवारी येऊन वाजवलं की ‘खट्ट’ च्या जागी ‘डब्ब’. मऊ झालं होतं खरं पण अजून जास्त उशिरा येत होतं आणि सूर अजून खालून चढत होता. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावून एका ठोक्यात चार म्हटलं की तिसऱ्या ठोक्यापर्यंत सगळं चिखल. जबडा चावल्यासारखा वरखाली. मुलगा रडवेला झाला, मीही घरी आल्यावर विचार करत बसायचो की एवढा मेहनती पोरगा, याचं होत का नाही.

चौथ्या रविवारी पाऊस खूप होता, तो भिजून आला, ट्रॉम्बोनची केस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि स्वतः चिंब. कपडे वाळेपर्यंत वाजवायला नको म्हणून मी त्याची प्रॅक्टिसची वही बघायला घेतली. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर तारीख, मेट्रोनोमचा आकडा, किती वेळ केलं ते, सगळं व्यवस्थित. आणि स्टाफच्या, म्हणजे सूर लिहायच्या पाच रेघांच्या, ओळीखाली निळ्या पेनाने, टपोऱ्या अक्षरात, पानंच्या पानं

टू टू टू टू । टू टू टू टू

आणि मी दिलेल्या हलक्या एक्सरसाइजखाली

डू डू डू डू

मी म्हटलं हे वाच बरं मोठ्याने. त्याने वाचलं. टू टू टू टू. अगदी आपण मराठीत ‘टाळी’ म्हणतो, ‘टोपी’ म्हणतो, तो ट. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. म्हटलं ट्रॉम्बोनमध्ये पण हेच म्हणतोस? म्हणाला हो सर, व्हिडिओत सगळे हेच सांगतात.

तिथेच सगळं होतं.

व्हिडिओत ते जे सांगतात ते इंग्रजी टी. तो टी आपल्या ट सारखा नाही आणि त सारखाही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी, दाताच्या मागच्या हिरडीच्या उंचवट्यावर जीभ लागते. पण आपल्या कानाला तो ट च ऐकू येतो, म्हणून तर आपण टेबल, टीव्ही, टायर असं लिहितो, तेबल लिहीत नाही. इंग्रजी डी चंही तसंच, आपण ड लिहितो. मी ‘दू’ म्हटलं तरी त्याच्या डोक्यात आधी व्हिडिओतला ‘डू’ पक्का बसलेला, त्याला वाटलं सर आपल्या पद्धतीने तेच सांगतायत. तीन आठवडे मी त म्हणत होतो आणि तो ट करत होता आणि ट्रॉम्बोन तोंडाला असताना बाहेरून ते दिसत नाही.

शाळेत आपण वर्णमाला शिकतो ना, क वर्ग कंठ्य, ट वर्ग मूर्धन्य, त वर्ग दंत्य, परीक्षेसाठी पाठ करतो आणि सोडून देतो. मी त्याला म्हटलं ‘ताटात’ म्हण, सावकाश, आणि जीभ कुठे जाते ते बघ. ता, दाताला. टा, वळून मागे, टाळूला. त, परत दाताला. त्याने चार पाच वेळा म्हटलं, मग डोळे मिटून म्हटलं, मग एकदम हसला. ‘दात’ म्हण म्हटलं. द पण दाताला, त पण दाताला, शब्दच सांगतो कुठे ते.

ट ने काय होतं बघा. जिभेचं टोक वळवलं की जिभेचा मधला भाग खाली जातो, घसा आणि टाळू यांच्यामधली पोकळी बदलते, आणि जीभ सुटून परत सरळ व्हायला वेळ घेते. तेवढ्या वेळात हवा ओठापर्यंत पोचलेली असते पण तोंडाचा आकार अजून त्या सुराचा नसतो, म्हणून सूर खालून चढत यायचा. आणि प्रवास लांबचा, म्हणून वेग नाही. जीभ जड वगैरे काही नाही, तिला दरवेळी आळंदीहून पंढरपूर करायला लावलं होतं.

आणि मग मला माझंच एक कोडं सुटलं. मी स्वतः मुंबईत एका गोवेकर सरांकडे शिकलो, ते लहानपणी गोव्यात चर्चच्या शाळेत सोलफेज, म्हणजे दो रे मी, म्हणत म्हणत संगीत शिकलेले, आणि ते जे ‘तु’ म्हणायचे ते आपल्या ‘तुळस’ मधलं तु होतं. पोर्तुगीजमध्ये त दातालाच लागतो, कोंकणीत तर त आहेच. मला कधी ट शिवलाच नाही म्हणून मला हा घोळ होऊ शकतो हेच कधी सुचलं नाही. याच्याही मागे जा. टंगिंगसाठी ‘तु’ आणि जलद वाजवताना ‘तु-तु-कु’ ही अक्षरं ज्याच्यामुळे जगभर पसरली तो पॅरिसचा आर्बां, त्याची कॉर्नेटची, म्हणजे ट्रंपेटसारख्या छोट्या वाद्याची, पद्धत १८६४ मध्ये छापली गेली, आजही ट्रंपेट ट्रॉम्बोनवाले ती वापरतात. तो फ्रेंच. फ्रेंच टी सुद्धा दाताच्या बाजूचा, आपल्या त च्या जवळचा. म्हणजे फ्रेंचमधून तु निघाला, इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो आपल्या टी ने वाचला, आणि आपण इंग्रजीतून ऐकून त्याचा टू केला. दोन स्टेशनं बदलून आलेला माणूस जसा भलत्याच गावात उतरतो तसं झालं.

बोलण्याच्या भाषेचा वाजवण्यावर परिणाम होतो हे नुसतं माझं म्हणणं नाही. न्यूझीलंडमध्ये मॅथियस हाइने नावाच्या संशोधकाने ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांच्या हनुवटीखाली अल्ट्रासाउंड धरून वाजवताना जिभेचा आकार टिपला, काही जण टोंगन भाषा बोलणारे आणि काही न्यूझीलंडची इंग्रजी बोलणारे, आणि २०१९ च्या त्यांच्या पेपरमध्ये दोन्ही गटांच्या जिभेच्या ठेवणीत फरक दिसतो असं आलंय. मराठी वाजवणाऱ्यांवर कुणी असं करेल तर मी पहिला हनुवटी पुढे करीन.

त कळला म्हणून लगेच सगळं सुटलं असं नाही. पहिल्याच दिवशी तो इतका उत्साहाने त लावायला गेला की जीभ दातांच्या फटीतून ओठाला लागायला लागली, सूर फाटायचा. इथे काकांची शिकवण आड येत होती. काकांनी त्याला सांगितलं होतं, जिभंवरचं भाताचं तूस थुकल्यागत कर, जीब हाण. ही पण जुनी पद्धत आहे, खूप जण असंच शिकवायचे, आणि वरातीत रस्त्यावर, ढोल आणि जनरेटरच्या आवाजात, प्रत्येक सूर कापून बाहेर यायला पाहिजे तिथे त्याने काम होतं. काका तीस वर्षं असं वाजवतायत, त्यांना मी चूक म्हणणार नाही. पण थुंकताना जीभ ओठाबाहेर जाते आणि शांत खोलीत वाजवताना ते ऐकू येतं. मग मी त्याला जागा दाखवली, त म्हणताना जीभ जिथे लागते तिथून केसभर वर, दात संपून हिरडी सुरू होते ती रेघ. खालच्या सुरांना ती आपोआप थोडी खाली येते, येऊ द्यायची. दातांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, पुढचे दात जरा पुढे असतील तर जागा बदलते, म्हणून मिलिमीटरचा हट्ट धरायचा नाही, सूर स्वच्छ सुटला की ती जागा बरोबर.

आता राहिला तो क्षणभरचा थांबा, श्वास घेतल्यावर आणि सूर यायच्या आधी. हा ट मुळे नव्हता, ही वेगळी सवय. श्वास घेतला की तो घसा बंद करायचा, जड पोतं उचलताना आपण दम कोंडतो तसा, आणि मग जिभेच्या मागे दाब साठवून एकदम सोडायचा. आणि प्रत्येक सुरानंतर हवा बंद, परत सुरू, परत बंद.

मी बरंच काय काय सांगून पाहिलं, शेवटी उसाचं विचारलं. म्हटलं तू दारं धरतोस का शेतात? म्हणाला धरतो की, सुट्टीत मीच असतो. म्हटलं एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत घालताना दरवेळी मोटार बंद करतोस? म्हणाला नाही सर, मोटार चालूच, फावड्यानं माती इकडची तिकडं. म्हटलं मग हवा म्हणजे मोटार आणि जीभ म्हणजे फावडं. तो गप्प बसला, वाद्य उचललं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सलग चार सूर एका हवेवर आले. मी शहरात वाढलेला माणूस, दारं मी आयुष्यात धरलेलं नाही, पण त्याला जे कळायचं होतं ते त्याच्या हाताला आधीच माहिती होतं.

त्यावर एक खूण शोधली जी घरी एकट्यालाही तपासता येते. वर्तमानपत्राची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापायची, तोंडासमोर वीतभर अंतरावर वरच्या टोकाला धरायची, आणि वाद्याशिवाय, बिनआवाजी, नुसत्या हवेवर तू तू तू तू करायचं. हवा सलग असेल तर पट्टी पुढे उचललेलीच राहते, जिभेबरोबर फक्त थरथरते. हवा तुटत असेल तर दर ‘तू’ ला पट्टी सरळ खाली पडते आणि परत उठते. त्याची पट्टी सुरुवातीला देवळातल्या घंटेच्या दोरीसारखी झुलत होती. दहा बारा दिवसांनी त्याने हॉस्टेलवरून व्हिडिओ पाठवला, पट्टी तिरकी हवेत आणि कडा नुसती फडफडतेय, मागे रूममेट म्हणतोय आता बास कर.

दम कोंडण्यावर अजून एक केलं, आठवडाभर जीभ पूर्ण बंद. प्रत्येक सूर ‘हू’ ने, नुसत्या हवेने सुरू करायचा. हे ऐकायला वाईट लागतं, सुरुवात धूसर येते, पण ओठ स्वतःहून थरथरायला शिकतात, जिभेच्या धक्क्याची वाट बघत नाहीत. श्वास आत आणि बाहेर यात थांबा नाही, झोक्यासारखं, मेट्रोनोमच्या तीन ठोक्यात आत, चौथ्यात सुद्धा आतच, एकाला बाहेर. मग त्यावर त ठेवायचा. जीभ आली काय आणि नाही आली काय, हवा तीच. जुलैच्या मध्यापर्यंत बी फ्लॅट वेळेवर यायला लागला, ‘खट्ट’ गेलं.

घसरण्याचं मात्र अजून होतं. एफ, ई फ्लॅट, डी, सी म्हटलं की ‘तू’ ने स्वच्छ यायचं पण तुटक तुटक, आणि सलग कर म्हटलं की घसरगुंडी. इथे ‘दू’ सांगायचं तर ड ची भीती. मग विचार करताना सुचलं, अमेरिकन वाजवणारे सलग वाजवण्यासाठी त्यांच्या ‘लॅडर’ शब्दातला मधला डी सांगतात, आणि तो शब्द अमेरिकन माणसाच्या तोंडून ऐका, तो डी नाहीच, जीभ हिरडीला एकदा निसटती टेकून जाते, म्हणजे जवळजवळ आपला र. ‘बरं’ मधला र, ‘तारा’ मधला र. म्हटलं, तू-रू-रू-रू म्हण. पहिला तू, पुढचे र.

त्याने म्हटलं, मग वाजवलं, आणि एफ ते सी चार सूर असे आले की मधे ना भिंत ना घसरगुंडी. मी त्याला परत वाजवायला लावलं, परत, परत, खरं सांगायचं तर मलाच ऐकायचं होतं.

आणि हे काही नवीन नाही बरं का. १५८४ मध्ये व्हेनिसमध्ये जिरोलामो दल्ला कासा नावाच्या कॉर्नेटो (जुनं लाकडी फुंकवाद्य, कॉर्नेट नव्हे) वाजवणाऱ्याने फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी जिभेची अक्षरं लिहून ठेवलीत, त्यात ‘ले-रे’ आहे, ‘ते-रे’ आहे, आणि कडक जलद वाजवायला ‘ते-के’. इटालियन त पण दाताचा, र पण आपल्यासारखा जिभेच्या टोकाचा. म्हणजे जवळजवळ साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची अक्षरं आपल्याला जशीच्या तशी म्हणता येतात, हे मला फार भारी वाटतं.

फक्त एक सांगतो, र एकदाच टेकला पाहिजे. तो कौतुकाने ‘रर्र’ करायला लागला की सूर फडफडतो. आणि र च्या वेळी स्लाइड शेवटच्या क्षणी, झटकन, पण मनगटातून सैल. बऱ्याच जणांची जीभ बरोबर असते आणि स्लाइड आधी निघते, मग जिभेला दोष देतात. यावर ‘जीभ आणि हात एकाच वेळी’ असं हजार वेळा सांगण्यापेक्षा मी त्याला एकाच हवेवर वाद्याशिवाय स्लाइडची अ‍ॅक्शन करत तू-रू-रू-रू म्हणायला लावलं, बसमध्ये, मेसच्या लायनीत, कुठेही. आणि जिथे जीभ लागतच नाही ती ठिकाणंही ओळखायला शिकवलं, एफ पहिल्या पोझिशनवरून जी चौथीवर जाताना स्लाइड बाहेर जाते पण सूर वर जातो, हार्मोनिक बदलतो, तिथे सूर आपोआप तुटून बसतो, हवा चालू ठेवली की झालं.

ऑगस्ट अखेरीस गणपतीच्या आधी ढोलपथकाच्या सरावामुळे पंधरा दिवस ट्रॉम्बोन बंदच पडला. हरकत नाही, वय आहे, ओठ आठवड्यात परत आले. पण पथकातून तो एक खोड घेऊन आला. ताशाच्या पोरांबरोबर बसून बोल म्हणत म्हणत त्याच्या डोक्यात आलं की ट्रिपल टंगिंगला, म्हणजे जलद तीन-तीन सुरांच्या टंगिंगला, ‘तकिट’ म्हणावं, आपलंच तर आहे, तकिट तकिट तकिट, तोंडात किती सहज बसतं. मला न विचारता तीन आठवडे तेच केलं. आला आणि वाजवलं तर प्रत्येक तिसरा सूर खालून चढत येतोय, जबडा परत चावतोय. मी काही न बोलता म्हटलं, तकिट सावकाश म्हण. त, कि, आणि तिसरं अक्षर तोंडात असतानाच तो थांबला. ट. म्हणाला सर, परत तोच.

कल्पना चांगली होती, त्याच्या जागी मी असतो तर मलाही सुचली असती. आता तो ‘त-त-क’ करतो, मेट्रोनोम ५० च्या वर जायचं नाही असं ठरलंय कारण क अजून कच्चा आहे. क मागून येतो, टाळूच्या मागच्या भागातून, तिथून हवा सुटायला थोडा उशीर लागतो, म्हणून आठवडाभर नुसते क क क क वाजवायचे, त ला हात लावायचा नाही. ऐकणाऱ्याला खोकल्यासारखं वाटतं, हॉस्टेलच्या पोरांनी विचारलं म्हणे बरं नाही का तुला. क त च्या बरोबरीला आला की मग दोघांना जोडायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी काय परिस्थिती ते सांगतो. एकेरी टंगिंग, एका ठोक्यात चार, जूनमध्ये ६० ला चिखल होत होता, आता ९२ ला स्वच्छ, ९६ ला चाललं तर चाललं. सलग वाजवणं खालच्या आणि मधल्या सुरांवर चांगलं. वरच्या एफ च्या पुढे गेला की अजूनही घाबरतो, दम कोंडतो, आणि घाबरला की जीभ वळून ट कडे जाते, तिथे मी ‘तू’ ऐवजी ‘ती’ सांगून बघतोय, जिभेचा मधला भाग वर राहतो आणि टोकाला मागे वळायला जागाच उरत नाही. दोन रविवार झालेत, एकदा जमलं एकदा नाही.

दिवाळीला गावी गेला तेव्हा काकांसमोर वाजवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आवाज लांब जाणार न्हाई रं ह्यानं, पर ऱ्हाऊ दे, गोड हाय. त्याने मला फोनवर हे सांगितलं आणि लगेच विचारलं, सर मोठ्याने वाजवताना त तसाच ठेवून हवा वाढवायची ना, जीभ नाही हाणायची. म्हटलं हो, मोटार मोठी कर, फावडं तेवढंच.

वहीत आता सुरांखाली अक्षरं तो स्वतःच ठरवून लिहितो. परवाच्या पानावर एका चालीखाली लिहिलं होतं

तू रू रू तू । तू रू — हू

शेवटचा हू का, तर म्हणाला तिथे सूर कुठून सुरू झाला ते कळायलाच नको असं वाटलं. मी वाजवून दाखव म्हटलं.